हेरोदाचं घर

चिंचेवाडी, बेलापूरजवळ
२० ऑक्टोबर १९९६

शांतवनदादा,

सलाम. हे पत्र लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. अण्णांना ते माहीत नाही. आईला माहीत आहे की नाही, हे मी विचारलेलं नाही. तुझा भुसावळचा पत्ता तिच्या शिवणाच्या डब्यात तळाशी असतो, तो आज वर ठेवलेला दिसला, एवढंच.

मुद्द्याचं आधी सांगते. जुलैत अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणतात. आवाज परत येणार नाही, असंही तेच म्हणतात. श्वासासाठी गळ्याखाली एक भोक ठेवलं आहे, त्यावर आई रोज धुतलेलं मऊ कापड बांधते. काही सांगायचं असेल तर अण्णा पाटीवर लिहितात. फारसं लिहीत नाहीत.

इथपर्यंत वाचलं असशील तर पुढचंही वाच.

ऑपरेशनपासून अण्णा देवळात गेलेले नाहीत. रविवारी घंटा झाली की भिंतीकडे तोंड करून पडतात. पाळकसाहेब दोनदा घरी आले. दुसऱ्या वेळी अण्णांनी पाटीवर लिहिलं, 'मी तिथं काय करू?' पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि ते गेले.

आता नाटकाचं. तुला हे सगळं पाठ आहे, पण क्रमानं मांडल्याशिवाय मला लिहिता येत नाही. आपल्या मंडळीत नाताळच्या नाटकातलं सोंग घराला लागून येतं. पणजोबांच्या वेळच्या पाळकांनी ती वाटून दिली आणि पुढे कुणी बदलली नाहीत. योसेफाचं घर, मरीयेचं घर, मेंढपाळांची घरं, सराईवाल्याचं घर, गाढवाचं घर. आपलं हेरोदाचं. बेथलेहेमातली लेकरं मारायचा हुकूम देणारा राजा. लोकांनी त्याला बोरं मारायची, बायकांनी शिव्या द्यायच्या, आणि नाटक संपलं की मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर बाईनं, म्हणजे आता आक्काबाईंनी, त्याचं तोंड धुऊन पहिली करंजी त्याला भरवायची. हा मान योसेफालाही नाही.

पाळकसाहेबांनी कमिटीत सांगितलं आहे की, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत, म्हणजे एक डिसेंबरपर्यंत, आपल्या घरातून हेरोद उभा राहिला नाही, तर तो प्रवेश गाळायचा. एकदा गाळलेलं परत येत नाही. मग अण्णांच्या पाटीवरच्या प्रश्नाचं उत्तर कायमचं ठरेल.

घरात पुरुष आता तूच आहेस, म्हणून लिहिलं. सहा वर्षांपूर्वी तू 'नाही' का म्हणालास, ते मला ठाऊक आहे. ते विसर, असं मी म्हणणार नाही. वस्तुस्थिती कळवली.

माझं ठीक आहे. डिप्लोमा झाल्यावर साखर कारखान्याच्या विद्युत विभागात लागले. गळीत हंगाम आता सुरू होईल. देवळात मी लाउडस्पीकर सांभाळते. गाता येत नाही, संडेस्कूलची मुलं मला भितात, आणि प्रार्थनेच्या वेळी बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा माझ्या येत नाही. तेव्हा लाउडस्पीकर.

सुवार्ता


११ नोव्हेंबर १९९६

दादा,

सलाम. तुझं कार्ड मिळालं. 'मला यात ओढू नकोस.' अक्षर तसंच आहे, मागे झुकणारं.

ओढत नाही. पण माहिती कळवायला तू मनाई केलेली नाहीस, म्हणून लिहिते.

काल उपासनेनंतर हेरोदासाठी भीमाला उभं केलं. भीमा गाढवाच्या घरचा. लहानपणापासून घोंगडीखाली मागचे पाय तोच होतो. उंच आहे, छाती भरदार आहे, एवढं बघून कमिटीनं ठरवलं. मी मागे ॲम्प्लिफायरपाशी होते, त्यामुळे सगळं नीट ऐकू आलं.

भीमा पायऱ्यांवर उभा राहिला आणि म्हणाला, "बेथलेहेमातली समदी लेकरं मारून टाका..." मग थांबला. पाळकसाहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, येक-दोन ऱ्हाऊ द्यावी का?"

आक्काबाई पुढे सतरंजीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आरं भीमा, हुकूम देतुयास का बोरं इकतुयास?"

"पुन्यांदा म्हनतो, आक्के."

पुन्हा म्हणाला. या वेळी शेवटी "मेहेरबानी करून" असं जोडलं. बायडाबाई म्हणाल्या, "तुज्या मागच्या पायांना तालीम हाय, तोंडाला न्हाई. तू आपला घोंगडीतच बरा दिसतुस." सगळे हसले. भीमाही हसला, पण मान खाली घालून.

त्यानंतर पाळकसाहेब बोलले. मंडळी हे एक शरीर आहे, कान हा कान असतो, गुडघा हा गुडघा असतो, कुणी दुसऱ्याला 'तुझी गरज नाही' म्हणू शकत नाही. तू हे शंभरदा ऐकलं आहेस. मीही. हिशेब बरोबर वाटतो, पण एक अवयव नेहमी राहून जातो. ज्याला काय करायचं ते माहीत होतं आणि आता येत नाही, त्याला काय म्हणायचं? किंवा ज्याला काय करायचं तेच कधी कळलं नाही, त्याला?

संध्याकाळी भीमा घरी आला. अण्णांच्या खाटेपाशी उकिडवा बसला. "रखमाजीबाबा, मला न्हाई जमलं. तुमची जागा मी घ्यायला नको हुती." अण्णांनी कूस बदलली. मग पाटी ओढली आणि लिहिलं, 'गाढव चांगलं करतोस.' भीमाला ते इतकं आवडलं की तो घरी दाखवायला पाटीच मागत होता. आईनं दिली नाही. अण्णांची ती एकच पाटी आहे.

आणखी एक. दर वर्षी डिसेंबरात तुझ्याकडची मेहरूणच्या बोरांची पिशवी स्टेशनवरून कुणीतरी आईला आणून देतं. ती आम्हाला दाखवत नाही. पण चुलीच्या राखेत लांबट बिया सापडतात, आणि आपल्याकडच्या बोरांची बी गोल असते. अण्णांनीही त्या पाहिल्या असणार. राख तेच काढतात.

सुवार्ता


२५ नोव्हेंबर १९९६

दादा,

सलाम. काल एक गोष्ट झाली. ती मी ठरवून केलेली नाही, हे आधी नोंदवते.

तालीम होती. हेरोदाचा प्रवेश आला की पाळकसाहेब "इथं हेरोद" एवढं म्हणत आणि पुढे जात. कडूबाई राहेलीच्या घरच्या; राहेल म्हणजे नाटकातली, लेकरू मारलं गेल्यावर रडणारी आई. गेली कितीतरी वर्षं त्या पदर तोंडावर घेतात आणि आत हसतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अण्णा इतके डोळे फिरवून गरजायचे की हसू येणारच. खरं म्हणजे हेरोद आपल्याकडे विनोदी झाला होता. मुलं त्याची वाट बघत.

तर पायऱ्यांवरच्या माईकमध्ये खरखर येत होती. वायर बदलली आणि तपासायला काहीतरी बोलायला हवं होतं. 'हॅलो, हॅलो' म्हटलं की आवाजाचा अंदाज येत नाही, वाक्य लागतं. प्रवेश हेरोदाचाच चालू होता, म्हणून त्याचंच वाक्य म्हटलं. कारखान्यात मीटरचं रिडिंग वाचून दाखवते त्या आवाजात.

"दोन वर्षांची आणि त्याखालची. एकही ठेवू नका."

खरखर गेली होती. मी मान वर केली तर सगळे माझ्याकडे बघत होते. कुणाच्या तरी कडेवरचं मूल रडायला लागलं. कडूबाईंनी पदर घ्यायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. चेहरा उघडा होता आणि त्या रडत होत्या. आवाज न करता. त्यांची एक मुलगी तापानं गेली होती, तुला आठवत असेल. ती गोष्ट त्या नाटकात कधी आणत नसत.

मी म्हणाले, "मी फक्त माईक तपासत होते."

आक्काबाई म्हणाल्या, "व्हय गं बाई. आमालाबी तपासलंस."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "सुवार्ता, पुन्हा म्हणशील का?" मी नाही म्हणाले आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. घरी आले. मला वाटलं, विषय संपला.

सुवार्ता


५ डिसेंबर १९९६

दादा,

सलाम. विषय संपला नाही.

रविवारी कमिटी बसली आणि मला बोलावलं. पाळकसाहेबांनी सरळ विचारलं. हेरोदाच्या घरची आहे, मग मुलगी असली तर काय? वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नव्हतं असं काही तिनं एका वाक्यात दाखवलं, वगैरे. स्तुती ऐकताना मला कुठे बघावं ते कळत नाही, म्हणून मी पंख्याकडे बघत होते. त्याचा कपॅसिटर गेला आहे.

बायडाबाई उभ्या राहिल्या. "बाईमानसानं लेकरं मारायचा हुकूम द्यायचा? शोभंल का?"

मी विचारलं, "बाप्यानं दिला तर शोभतो का?"

त्या खाली बसल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, "हिलाच उभी करा. हिच्याशी बोलून बोरं मारल्याबिगर ऱ्हावायचं न्हाई." असा ठराव पास झाला.

मी होकार दिला. का दिला, ते मला अजून नीट सांगता येत नाही. या मंडळीत मी जन्मल्यापासून आहे. 'सुवार्ता जरा थंड आहे' हे मी लहानपणापासून ऐकत आले, आणि मलाही ते दोषासारखंच वाटे. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी त्याच गोष्टीसाठी मला मागत होतं. एवढंच कारण असावं.

राहिले अण्णा. टोप आणि झगा त्यांच्या ट्रंकेत, किल्ली त्यांच्या करगोट्याला. मी समोर उभी राहून सांगितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'पोरीचं काम नाही.'

मी म्हणाले, "मग प्रवेश गळतो."

त्यांनी तीच अक्षरं पुन्हा गिरवली. खडू मोडला.

आई चुलीपाशी होती. ती न वळता म्हणाली, "पोराचं काम म्हनून पोराला धरलं, त्यो गेला. आता पोरीचं न्हाई म्हनून पोरीला सोडा. मग ट्रंक घ्या उशाला आन् निजा."

आपल्या आईला इतकं लांब वाक्य बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तूही नसशील.

अण्णा भिंतीकडे वळले. सकाळी मी कामाला निघाले तेव्हा किल्ली माझ्या डब्याच्या पिशवीवर ठेवलेली होती.

ट्रंक उघडली. पितळी टोप एका कापडात गुंडाळलेला होता. हे लिहावं की नाही, याचा मी विचार केला. लिहिते. ते दुपटं होतं, पिवळं, कडेला हिरवी टीप. आईनं तुझ्या बाळासाठी शिवलेलं. बाळ गेलं त्या नोव्हेंबरनंतर ते कुठं गेलं, हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

महिनाभरानं अण्णा तोच टोप घेऊन तुझ्यापुढे उभे राहिले होते. 'यंदा तू घालायचा. मान सुटत नसतो.' तू म्हणालास, 'माझं लेकरू आत्ता पुरलंय, आणि मी लेकरं मारायचा हुकूम देऊ?' ते म्हणाले, 'या घरचा हेरोद न्हाईस, तर या घरचा कुनी न्हाईस.' मी दारात होते. वहिनी आत भांडी भरत होती. तुम्ही त्याच दिवशी गेलात.

त्यानंतरची सगळी वर्षं अण्णांनी टोप घातला, गरजले, लोकांना हसवलं, आणि घरी येऊन तो या कापडात बांधून ठेवला. यातून काय सिद्ध होतं ते मी सांगत नाही. मला जे दिसलं ते लिहिलं.

सुवार्ता


२७ डिसेंबर १९९६

दादा,

सलाम आणि नाताळच्या शुभेच्छा. हे पत्र लांब होईल.

नाटकाआधीचे पंधरा दिवस अण्णांनी मला शिकवलं. बोलता येत नाही, म्हणून हातांनी. मी पायरी चढले की काठी आडवी धरत. मग स्वतः उठून, एका हातानं गळ्यावरचं कापड धरून, दाखवत. राजा पायरीकडे बघत नाही. राजा हात हलवत नाही, दुसरे हलतात. मी घाई केली की तळहात उभा. सगळ्यात जास्त त्यांनी एकच गोष्ट घोटून घेतली. बोरं लागायला लागली की पळायचं नाही, तोंड झाकायचं नाही. त्यासाठी स्वतः अंगणात बसून मला गोवऱ्यांचे तुकडे मारत. पाटीवर लिहीत, 'हेरोद पळत नाही.' आई म्हणाली, "शिकवताय का सूड उगवताय?" अण्णांचे खांदे हलले. ते हसत होते, हे आम्हाला थोड्या वेळानं कळलं.

गरजायला मात्र त्यांनी शिकवलं नाही. मी एकदा प्रयत्न केला तर पाटीवर आलं, 'माझं नको. तुझं.'

नाताळच्या दिवशी कारखान्यात माझी पाळी होती. ती कानिफनाथनं घेतली नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घातली, कारण त्याला नाटक बघायचं होतं. कानिफनाथ माझ्या हाताखाली वायरमन आहे. टोप मला मोठा होतो. सकाळी अण्णांनी स्वतः ते पिवळं दुपटं घडी करून टोपाच्या आत बसवलं आणि टोप माझ्या डोक्यावर ठेवला. मग त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, कोट घातला आणि लिहिलं, 'येतो. चुका काढायला.'

दादा, ते देवळात आले. घंटा होत होती. भीमानं पळत जाऊन खुर्ची आणली आणि पहिल्या रांगेत ठेवली. लोक उठून उभे राहिले, जसे वधूवर आत येताना राहतात. अण्णांनी सगळ्यांना बसा म्हणून काठी हलवली. ते चिडले होते, असं तोंडावरून वाटलं.

नाटक नेहमीसारखं दुपारच्या उन्हात, देवळाच्या पायऱ्यांवर. समोर मंडळी, मागे गावातली इतर माणसं, त्यांच्यामागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि त्यांवर चढलेली पोरं. सराईवाल्यानं 'जागा नाही' म्हटलं आणि नेहमीप्रमाणे ओशाळून मरीयेला पाणी दिलं. गाढव उत्तम झालं. मागचे पाय जरा जास्तच ऐटीत होते.

मग मी. पायरीकडे न बघता वर गेले. लोक हसले. ते अपेक्षित होतं. मी थांबले. शिपाई येऊन म्हणाला, मागी, म्हणजे बाळाला शोधायला आलेले पूर्वेचे ज्ञानी लोक, फसवून दुसऱ्या वाटेनं गेले. इथे अण्णा पाय आपटायचे. मी काही केलं नाही. हसणं आपोआप कमी होत गेलं, पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती थांबतात तसं. पूर्ण थांबलं तेव्हा मी बोलले.

"दोन वर्षांची आणि त्याखालची. एकही ठेवू नका. संध्याकाळपर्यंत मला कळवा."

शेवटचं वाक्य नाटकात नाही. ते माझ्या तोंडून गेलं. मी रोज कामावर तसंच म्हणते.

कुणी हललं नाही. पोरांच्या मुठीत बोरं होती, आठवडाभर कुंपणाच्या बोरींखाली वेचलेली. मारायची वेळ हीच होती. कुणी मारलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं की त्यांनी मला ओळखलेलं नाही. कडूबाई पायऱ्यांखाली एकट्या उभ्या होत्या, पदर खाली सोडून. पहिलं बोर लागल्याशिवाय त्यांना पुढे यायचं नसतं. ऊन डोळ्यांत होतं. मला वाटलं, बिघडलं. मी एवढी थंड आहे की माझ्यावर कुणी बोरही मारणार नाही.

आणि मागून, ट्रॉल्यांच्या बाजूनं, एक बोर आलं. सरळ, जोरात. कपाळावर, टोपाच्या काठाखाली बसलं. गोवरीपेक्षा बरंच लागलं.

मी पळाले नाही.

दुसरं बोर अण्णांनी मारलं. खुर्चीतून उठून, काठी टाकून, भीमाच्या पोरीच्या ओंजळीतून बोर उचलून. आयुष्यभर ज्यांनी बोरं खाल्ली, त्यांनी पहिल्यांदा हेरोदाला बोर मारलं. नेम चुकला नाही. मग सगळं आवार फुटलं. बोरं, शिव्या, ओरडणं. बायडाबाईंच्या शिव्या वेगळ्या ओळखू येत होत्या. "मुडद्या! तुझं तळपट हुईल! हात झडतील तुझं!" त्यात कडूबाई पुढे आल्या आणि रडल्या, मोठ्यानं, तोंड न झाकता, आणि बाया त्यांच्याभोवती गेल्या आणि त्यांच्याबरोबर रडल्या. असा प्रवेश मी कधी पाहिला नाही. मी तो पाहिला असंही म्हणता येणार नाही, मी त्यात होते.

नाटक संपल्यावर मला पाटावर बसवलं. आक्काबाईंना आता कमी दिसतं, त्यांनी हातानं चाचपून माझं तोंड धुतलं. काजळ, बोरांचा चिकटा. कपाळावरच्या टेंगळावर अंगठा थांबला, तेव्हा "लई नेमाचा हाय कुनीतरी" म्हणाल्या. मग करंजीचा तुकडा माझ्या तोंडात घातला आणि तेच म्हटलं जे त्या दर वर्षी अण्णांना म्हणत. फक्त नाव बदललं.

"हेरोद गेला. आमची सुवार्ता आली."

सगळ्या मंडळीनं ते मागून म्हटलं. माझ्या डोळ्यांत साबण गेला होता. आई म्हणते, आक्काबाईंनी साबण वापरलाच नव्हता. या बाबतीत आमचं एकमत झालेलं नाही.

कानिफनाथ निघताना म्हणाला, "मॅडम, उद्यापासून तुमी सांगितलेलं काम संध्याकाळपातूर झालंच म्हनून समजा." त्यानं हात जोडले होते. तो विनोद होता की काय, ते त्याच्या कामावरून कळेल.

अण्णा रात्रीच्या जेवणाला मंडळीतच बसले. पाळकसाहेबांनी विचारलं, पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनाच शिकवाल का? अण्णांनी पाटी मागितली नाही. होकाराची मान हलवली.

सुवार्ता


६ जानेवारी १९९७

दादा,

सलाम. हे पत्र छोटं आहे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी पायऱ्या झाडल्या. बोरं गोळा करून गाढवाच्या घरच्या शेळ्यांना दिली. सगळी आपल्याकडची, गोल, आंबट. दोन सोडून. ती दोन लांबट आणि टोकाशी निमुळती होती. एक अगदी वर, मी उभी होते तिथे. दुसरं खाली मातीत, पहिल्या पायरीच्याही अलीकडे.

बेलापूरच्या बाजारात विचारलं, श्रीरामपूरच्या मंडईत विचारलं. मेहरूणचं बोर यंदा इकडे कुणी विकायला आणलेलं नाही. आईला स्टेशनवरून पिशवीही आली नाही. तरी परवा राखेत लांबट बिया होत्या. आईला मी विचारलं नाही. अण्णांनी राख काढली, बिया बघितल्या आणि खिशात टाकल्या.

तेव्हा पहिलं बोर कुणी मारलं ते मला माहीत आहे. तुझा हक्क होता. सहा वर्षं तुझ्याकडे राहिलेलं बोर होतं ते, आणि ज्याच्या कपाळावर बसायला हवं होतं त्याच्याच बसलं, कारण टोप आता माझा आहे. तू मारलं नसतंस तर कुणीच मारलं नसतं आणि मी अजून तिथेच उभी असते. कमिटीला मी हे सांगितलेलं नाही. पण यंदाच्या नाटकात तुझं काम झालं, असं मी धरते.

हेरोदाचं घर आता चालू आहे. त्यासाठी तुला कुणी बोलावणार नाही, यापुढे कधीच नाही. हे मी अण्णांना विचारून लिहिते आहे. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'नुसतं ये म्हणावं.' मग 'नुसतं' पुसलं, मग पुन्हा लिहिलं.

आक्काबाईंना मी विचारलं, जो हेरोद झालाच नाही त्याला आल्यावर काय म्हणायचं. त्या म्हणाल्या, "त्यात काय इचारायचं? पयला भाग गाळायचा." म्हणजे 'आमचा शांतवन आला' एवढंच. तोंड मात्र त्या धुणारच. त्यांचं वय बघता फार उशीर करू नकोस.

दुसरं बोर तुझ्या सायलीचं होतं, असा माझा अंदाज आहे. तिला मी अजून पाहिलेलं नाही, पण तीन वर्षांच्या हातातून, खांद्यावर बसून मारलेलं बोर साधारण तिथेच पडेल. तिचा नेम सुधारायला हवा. अण्णा शिकवतील. देवळातल्या कामामुळे त्यांना हल्ली वेळ नसतो, पण तिच्यासाठी काढतील.

तुझी बहीण,
सुवार्ता